घराभोवतीचं तण: ते परत कुठून येतं, हे आधी पाहा

आवारातलं सगळं गवत उपटलं, ढीग उचलला, जागा स्वच्छ झाली आणि तीन आठवड्यांत तिथं पहिल्यापेक्षा दाट हिरवं उगवलं, तर बहुतेक वेळा उपटण्याची रीत त्या तणाला लागू नव्हती, असं समजा. लव्हाळा ओढला की पाती हातात येतात आणि गाठी मातीत राहतात. घोळ उपटून तिथंच कडेला टाकली की ओल्या मातीवर ती पुन्हा मुळं धरते. पेव्हर ब्लॉकच्या फटीतलं गवत काढलं पण फटीतली धूळ तशीच ठेवली, तर पुढचं बी त्याच धुळीत रुजतं. प्रत्येक तणाची परत येण्याची एक वाट असते. ती सापडली की कोणतं हत्यार घ्यायचं आणि किती दिवस चिकाटी धरायची, ते ठरवणं सोपं जातं.

खुरपं चालवण्याआधी

आवारात एक फेरी मारा आणि सगळ्यात जास्त दिसणाऱ्या तणांचं एकेक रोप मुळासकट खणून काढा. नुसतं ओढू नका. खुरपं रोपापासून चार बोटं लांब, सरळ खाली घाला, मातीचा गोळा उचला आणि हलक्या हातानं फोडून पाहा.

एकच सोटमूळ किंवा तंतुमुळांचा झुपका असेल आणि त्याला पुढं काही जोडलेलं नसेल, तर ते बियांवर जगणारं हंगामी तण आहे. माठ, काटेमाठ, दुधी, खोकली, घोळ, गाजर गवत ही या गटातली. यांना बी धरू दिलं नाही की काम झालं.

पांढरट, कांडी असलेल्या दोऱ्या आडव्या पळत असतील तर त्या हरळीच्या काश्या. त्रिकोणी दांडी, खाली काळपट गाठ आणि त्या गाठीपासून निघालेल्या बारीक दोऱ्याला दुसरी गाठ असेल तर तो लव्हाळा. दांडी दोन बोटांत धरून फिरवली की तिचे तीन कोन लगेच जाणवतात. गवताची दांडी गोल किंवा चपटी असते. या दोघांचं खरं बस्तान जमिनीखाली आहे. त्यांना बियांच्या तणासारखं वागवलं तर कष्ट वाया जातात.

घेटुळीसारखी काही तणं गाजरासारखं जाड, खोल मूळ सोडतात. वरचा भाग तुटला तर ती बुंध्यापासून पुन्हा फुटतात, म्हणून त्यांना खणूनच काढावं लागतं.

हत्यारं मोजकीच लागतात

अरुंद पात्याचं खुरपं, चार दात्यांचा खणायचा काटा, विळा, फटींसाठी जुना चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि तारेचा ब्रश, एक बादली आणि रबरी हातमोजे. सुती मोजे चीक शोषून घेतात आणि तो तासभर कातडीला लागून राहतो, म्हणून ते टाळा. दुधीच्या वर्गातल्या तणांचा पांढरा चीक डोळ्यांना फार झोंबतो. मोज्याच्या हातानं घाम पुसू नका. खुरप्याची धार महिन्यातून एकदा कानशीनं लावून घ्या. बोथट खुरपं मूळ कापत नाही, ते नुसतं मातीत दाबतं.

वाढलेल्या गवतात हात घालण्याआधी काठीनं जमीन आपटा आणि पायात बूट असू द्या. दाट गवतात साप, विंचू असू शकतात. खणण्याआधी जमिनीखालून वीज, गॅस किंवा पाण्याची जोडणी कुठून जाते तेही माहीत करून घ्या. घराच्या भिंतीलगत ती अनेकदा जेमतेम वीतभर खोल असते.

मोकळ्या मातीतलं हंगामी तण

सगळं वेळेवर अवलंबून आहे. माती चिखल असताना उपटलं तर मुळाबरोबर ढेकूळ येतं आणि जमीन तुडवून घट्ट होते. कडक असताना उपटलं तर रोप बुंध्याशी तुटतं. वाफसा आल्यावर काम करा. मूठभर माती दाबून कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा जमिनीवर पडून फुटला तर वाफसा आहे, चपटा होऊन तसाच राहिला तर एक-दोन दिवस थांबा. पाऊस नसेल तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या.

१. रोप जमिनीलगत, बुंध्याला धरा. वरून धरलं तर शेंडा तुटतो.
२. खुरपं तिरकं घालून मूळ सैल करा आणि मग सरळ वर ओढा.
३. मुळाची माती जागेवरच झटका. ती चांगली माती आहे.
४. फुलोरा किंवा बी धरलेलं रोप आधी पिशवीत घाला, मग बुंधा ओढा. उलट केलं तर अर्धं बी तिथंच सांडतं.
५. उघडी पडलेली जागा त्याच दिवशी झाका. कशानं, ते पुढं आहे.

दोन-चार पानांची कोवळी रोपं एकेक उपटत बसू नका. कोरड्या, उन्हाच्या सकाळी खुरप्याच्या पात्यानं वरची जेमतेम दोन सेंटिमीटर माती खरवडा. रोपं दुपारपर्यंत सुकतात. त्याहून खोल जाऊ नका. बारीक बियांच्या बऱ्याच तणांना रुजायला उजेड लागतो. खाली गाडलेलं बी वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, आणि खोल खणून ते वर आणलं की लगेच उगवतं. नव्या आवारात हौसेनं सगळी जमीन खणली आणि पंधरा दिवसांत तणाचा गालिचा उगवला, तो यामुळेच.

हाच गुण आपल्या फायद्यासाठीही वापरता येतो. नवा वाफा करायचा असेल तर माती तयार करून पाणी द्या आणि दहा ते चौदा दिवस काहीच लावू नका. वरच्या थरातलं तण उगवून येईल. ते कोवळं असतानाच दोन सेंटिमीटर खरवडा. शक्य असेल तर हे आणखी एकदा करा आणि मगच रोपं लावा. हे दोन-तीन आठवडे वाया गेल्यासारखे वाटतात, पण पुढचं निंदण बरंच कमी होतं.

काही तणांच्या खोडी वेगळ्या आहेत. घोळीच्या मांसल खोडात इतकं पाणी असतं की उपटल्यावरही ती काही दिवस जगते आणि तेवढ्यात बी पिकवते. तिचा तुकडाही रुजतो, म्हणून ती जागेवरून उचलाच. आंबुशीच्या शेंगा पिकल्या की हात लागताच फुटतात आणि बी दूर उडतं. शेंगा हिरव्या असतानाच ती काढा. तिचं खोड जिथं मातीला टेकतं तिथं मुळं सोडतं, तेव्हा एका टोकाला धरून न ओढता प्रत्येक पेर सैल करत पुढं जा. केन्याला जमिनीखालीही फुलं येतात आणि बी धरतं. वरून कापलेला केना पुन्हा येतो त्याचं हे एक कारण. तो मुळासकट काढावा लागतो.

गाजर गवत मात्र वेगळ्या काळजीनं हाताळा. त्याचा स्पर्श आणि पराग यांनी अनेकांच्या त्वचेला खाज, पुरळ येतं, काहींना शिंका आणि दमही लागतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, मोजे आणि तोंडाला मास्क लावूनच त्याला हात घाला. आधीपासून अॅलर्जी किंवा दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावं. उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात त्याला पांढरी फुलं येतात आणि एक मोठं झाड हजारो बिया सोडतं. पानं जमिनीवर चक्राकार पसरलेली असतात, मधला दांडा अजून वर आलेला नसतो, तेव्हा उपटणं सोपं आणि सुरक्षित असतं. फुलं आल्यावर कापलं तर ते बुंध्याशी फुटून खुजं फुलतं, म्हणून कापण्यावर भागवू नका.

लव्हाळा आणि हरळी: इथं घाई चालत नाही

लव्हाळ्याच्या गाठी दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या असतात. प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात आणि माळेतली फुटलेली गाठ बाकीच्यांना झोपवून ठेवते. वरचं पान ओढलं की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. म्हणून अधूनमधून उपटलेला लव्हाळा वाढताना दिसतो. उपाय दोन आहेत: गाठी काढून टाका, नाहीतर त्यांना उपाशी मारा.

जागा दोन-चार चौरस मीटर असेल तर गाठी काढणं परवडतं. वाफशावर खणायचा काटा वीस ते तीस सेंटिमीटर खोल घाला आणि माती उचलून सैल करा. फावडं किंवा कुदळ वापरली तर गाठी कापल्या जातात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा नवं रोप देतो. उचललेली माती पाच-सहा मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून घ्या. बहुतेक गाठी वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये सापडतात, काही त्याखाली असतात. वेचलेल्या गाठी पक्क्या जमिनीवर पातळ पसरून कडक उन्हात दोन आठवडे वाळवा. गाठीला कोरडेपणा सोसत नाही. खताच्या खड्ड्यात त्या अजिबात टाकू नका, तिथं त्यांना ओल आणि ऊब दोन्ही मिळतात.

जागा मोठी असेल किंवा झाडांच्या मुळांत खणता येत नसेल तर उपासमार. नवा कोंब पाच-सहा पानांचा होईपर्यंत गाठीतला साठा खर्च होत असतो. त्यानंतर पानं कमवायला लागतात आणि नव्या गाठी धरतात. त्या आधी, म्हणजे वाढीच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी, कोंब जमिनीच्या थोडं खालून कापा. तीन आठवडे चुकलात तर साठा पुन्हा भरायला लागतो. हे निदान दोन हंगाम चालवायचं असतं. पहिल्या दोन महिन्यांत फरक दिसत नाही आणि नेमकं तिथंच बहुतेक लोक सोडून देतात. कोंब बारीक आणि फिके येऊ लागले की मात्रा लागू पडली असं समजा. सोबत पसरट पानांची दाट झाडं लावा. सावलीत लव्हाळा लगेच अशक्त होतो.

काळा प्लास्टिक कागद किंवा पुठ्ठा यावर भरवसा ठेवू नका. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि तो दोन्ही भोकसून वर येतो.

आवारात लव्हाळा आला कुठून? बहुतेक वेळा विकत आणलेल्या मातीतून, शेणखतातून किंवा रोपवाटिकेच्या पिशवीतून. नवी माती आली की बादलीभर बाजूला काढा, ओली करून उबदार जागी ठेवा आणि तीन आठवडे पाहा. त्रिकोणी दांडीचे कोंब आले तर ती माती वाफ्यात घालू नका. एवढी सोपी परीक्षा फार थोडे लोक करतात आणि मग वर्षानुवर्षं गाठी वेचत बसतात.

हरळीचं गणित थोडं सोपं आहे. तिच्या काश्यांच्या आणि वरच्या धावत्या खोडाच्या प्रत्येक कांडीला डोळा असतो, त्यामुळं यंत्रानं किंवा कुदळीनं तुकडे करणं म्हणजे लावणीच करणं. काट्यानं सैल करून काश्या लांबच्या लांब ओढून काढा, उन्हात पसरा आणि पूर्ण वाळल्याखेरीज कुठंही टाकू नका. हरळीला उजेडाची फार गरज असते. काढलेली जागा वाढीच्या दिवसांत दोन-तीन महिने जाड, काळ्या, उजेड न जाणाऱ्या कागदानं झाकली तर उरलेल्या काश्याही थकतात. कागदाच्या कडा मातीत गाडा. एक बोट उजेड मिळाला तरी ती त्या बाजूला पळते. शेजारच्या हिरवळीतून ती वाफ्यात येत असेल तर मध्ये वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल पत्रा किंवा जाड प्लास्टिकची पट्टी उभी गाडा आणि पट्टी जमिनीच्या वर दोन बोटं राहू द्या. वरून धावणारं खोड महिन्यातून एकदा कापावंच लागतं.

फरशी, पेव्हर ब्लॉक आणि भिंतीची कड

फटीतलं तण खालून वर येतं असा समज आहे. बहुतेकदा ते वरून येतं. वाऱ्यानं आणलेली धूळ आणि वाळका पाला फटीत साठतो, त्याची बोटभर माती होते आणि त्यावर बी पडतं. म्हणून ब्लॉकखाली तणरोधक कापड घातलं तरी दोन वर्षांत फटी हिरव्या होतात. कडक झाडूनं आठवड्यातून एकदा झाडणं हा इथला सगळ्यात चांगला उपाय आहे.

फटी भरल्याच असतील तर स्क्रू ड्रायव्हर किंवा वाकवलेल्या पात्यानं तीन-चार सेंटिमीटर खोल खरवडा, मुळं आणि काळी माती दोन्ही बाहेर काढा, फटी पूर्ण वाळू द्या. मग कोरडी, बारीक, धुतलेली वाळू पसरून झाडूनं फटीत लोटा, ब्लॉकवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके मारा, वाळू बसली की पुन्हा भरा. वाळू ब्लॉकच्या वरच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली राहू द्या. पाण्यानं घट्ट होणारी तयार वाळूही मिळते; ती वापरायची तर पृष्ठभाग पूर्ण कोरडा हवा आणि पाणी मारण्याआधी ब्लॉकवरची भुकटी नीट झाडायला हवी, नाहीतर पांढरे डाग कायमचे बसतात.

वाळूवर बसवलेल्या ब्लॉकच्या फटी सिमेंटनं भरू नका. ब्लॉक किंचित हलतात, सिमेंट तडकतं आणि त्या बारीक तड्यात पुन्हा तण येतं. शिवाय पाणी जिरायचं थांबतं. सिमेंटच्या पक्क्या थरावर बसवलेल्या फरशीच्या फटी मात्र एकास तीन सिमेंट-वाळूनं भरता येतात. दाबाच्या पाण्याचा पंप जवळून मारला तर फटीतली वाळू निघून जाते आणि तणाला जागा मोकळी होते. धुवायचंच असेल तर नंतर वाळू भरणं त्याच कामात धरा.

भिंत आणि जमीन मिळते ती कड नेहमी हिरवी का असते, ते पाहिलं तर अनेकदा वरून ठिबकणारी वातानुकूलन यंत्राची नळी किंवा गळका नळ सापडतो. नळी लांबवून पाणी कुंडीत किंवा गटारात सोडा. ओल थांबली की तिथलं तण अर्ध्यावर येतं.

उकळतं पाणी फटीतल्या कोवळ्या तणावर चांगलं चालतं. किटलीच्या चोचीतून, बुंध्यावर, सावकाश ओता. मोठ्या तणाला आठवड्याच्या अंतरानं दोन-तीनदा लागतं, कारण गार होत जाणारं पाणी खोल मुळापर्यंत पोचत नाही. पायात बंद बूट असावेत, मुलं आणि पाळीव प्राणी दूर असावेत. प्लास्टिकच्या पाइपवर किंवा वायरवर ते ओतू नका. पीव्हीसीचा पाइप उकळत्या पाण्यानं मऊ पडतो. ज्योतीनं जाळण्याचं यंत्र दाट वस्तीत वापरू नये. वाळक्या पाल्याला आणि गॅसच्या नळीला ठिणगी किती सहज पोचते, याचा अंदाज पेटल्यावरच येतो.

भिंतीतला पिंपळ

पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ, वड, उंबर यांचं बी भिंतीच्या भेगेत, गच्चीच्या कठड्यावर, सांडपाण्याच्या पाइपमागे पडतं. जिथं ओल आहे तिथंच ते टिकतं, म्हणून रोप दिसलं की आधी गळती शोधा. आवारातलं बाकी सगळं तण मागं राहिलं तरी चालेल, पण हे थांबवून ठेवू नका. मूळ भेगेत जाड होत जातं आणि गिलावा, विटा ढकलतं.

वीतभरापर्यंतचं रोप भेग ओली करून, मुळाभोवती स्क्रू ड्रायव्हर फिरवून अख्खं निघतं. मूळ आत तुटलं तर ते फुटेल, तेव्हा महिन्यानं पुन्हा पाहा. मूळ पेन्सिलीपेक्षा जाड झालं असेल तर ओढू नका, विटा हलतील. भिंतीलगत करवतीनं आडवं कापा आणि ताज्या कापावर, चीक सुकायच्या आत म्हणजे काही मिनिटांत, आंतरप्रवाही (झाडाच्या आतून मुळापर्यंत जाणारं) तणनाशक लेबलावर बुंध्यासाठी दिलेल्या प्रमाणात ब्रशनं लावा. उशीर झाला तर काप बंद होतो आणि औषध मुळाकडं जात नाही. काही आठवड्यांनी नवा फुटवा नाही याची खात्री करा, मेलेलं मूळ शक्य तितकं खरवडून काढा आणि मगच भेग एकास तीन सिमेंट-वाळूनं बुजवा. जिवंत मुळावर गिलावा केला तर ते तो फोडून बाहेर येतं. शिडीवरून हात लांबवावा लागेल अशा उंचीचं काम सुरक्षा पट्टा वापरणाऱ्या कामगारालाच द्या.

कुंड्या आणि हिरवळ

कुंडीतलं तण सहसा रोपवाटिकेतूनच येतं. नवं रोप आणल्यावर वरची दोन-तीन सेंटिमीटर माती काढून टाका, तिच्या जागी स्वच्छ मिश्रण घाला आणि कुंडीच्या तळाच्या भोकातून डोकावणारी परकी मुळं तपासा.

हिरवळीत तण शिरतं ते विरळ जागेतून. गवत फार बुटकं कापणं हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. एका वेळी उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नका. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर पाणी द्या, म्हणजे गवताची मुळं खोल जातात आणि वरच्या थरातलं तणाचं बी कोरडं राहतं. येण्याजाण्याच्या वाटेवर नाचणीच्या कणसासारखा तुरा असलेलं, जमिनीला चिकटून पसरणारं गवत वाढत असेल तर माती दाबली गेली आहे. ते उपटून उपयोग नाही. काट्यानं दहा सेंटिमीटर खोल भोकं पाडून माती मोकळी करा, नाहीतर तिथं सरळ पायवाटेच्या फरशा टाका.

झाकलेली जमीन

उघडी माती रिकामी राहत नाही. तुम्ही काही लावलं नाही तर तण लागतं. म्हणून उपटण्याइतकंच महत्त्व आच्छादनाला आहे, आणि नवख्यांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं.

वाळका पाला, लाकडाचा भुगा नव्हे तर चिपा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, बी न धरलेलं वाळकं गवत, यांपैकी काहीही चालतं. जाडी आठ सेंटिमीटर ठेवा. तीन-चार सेंटिमीटरच्या थरातून तण सहज वर येतं. पंधराचा थर केला तर पाणी आणि हवा खाली जायला त्रास होतो. दहा चौरस मीटरला आठ सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे ८०० लिटर माल, वीस लिटरच्या चाळीस बादल्या. पाहताना हा आकडा मोठा वाटतो, म्हणून लोक निम्माच टाकतात आणि आच्छादनाचा उपयोग होत नाही असं म्हणतात. माल कमी असेल तर निम्म्या जागेवर पूर्ण जाडीचा थर द्या. रोपाच्या खोडापासून पाच, मोठ्या झाडापासून पंधरा सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते.

हंगामी तण दाट असेल तर खाली पुठ्ठा घाला. चिकटपट्टी आणि पिना काढून टाका, पुठ्ठे एकमेकांवर पंधरा सेंटिमीटर चढवा, भरपूर ओले करा आणि मग वर आच्छादन घाला. काही महिन्यांत पुठ्ठा कुजतो. थर खाली बसतो तसा चार-सहा महिन्यांनी वरून भरा.

पूर्ण रिकाम्या, दिवसभर ऊन मिळणाऱ्या जागेसाठी सूर्यतापानं माती तापवण्याची पद्धत आहे. वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत जमीन सपाट करून वीतभर खोल ओली करा, त्यावर २५ ते ५० मायक्रॉन जाडीचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून बसवा, चारी कडा मातीत गाडा आणि चार ते सहा आठवडे हलवू नका. कागद पारदर्शकच हवा. ऊन आत शिरून माती तापली पाहिजे. ओली माती उष्णता खाली नेते, कोरडी नेत नाही. यानं वरच्या थरातलं बरंच बी मरतं, लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र बचावतात. नंतर ती जागा खोल खणलीत तर खालचं जिवंत बी वर येऊन सगळे आठवडे फुकट जातात.

मीठ, व्हिनेगर आणि औषधं

मीठ वापरू नका. तण मरतं, पण मीठ मातीत राहतं, पावसानं बाजूच्या झाडांकडं जातं आणि काँक्रीटमधल्या सळ्यांना गंज चढवतं. घरगुती व्हिनेगर कोवळ्या रोपांची पानं जाळतं, मुळाला काही करत नाही, आणि संगमरवरासारख्या फरशीवर डाग पाडतं. ब्लीचिंग द्रावण आणि व्हिनेगर एकत्र कधीही करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तणनाशक हा शेवटचा उपाय असावा आणि घराजवळ तो फवारण्यापेक्षा पुसून किंवा ब्रशनं लावावा. ग्लायफोसेट हिरव्या पानांतून मुळाकडं जातं, तणात आणि तुमच्या झाडात ते फरक करत नाही. परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून दोन दिवसांनी दुसरा हात देऊ नका. गढूळ पाण्यात मिसळलं तर मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं, इतर काही नियामक संस्थांचं मत वेगळं आहे. काही ठिकाणी घरगुती वापरावर बंधनं आहेत, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी पाहा. २,४-डी गवताला सोडून रुंद पानांच्या तणांवर चालतं, पण त्याचा फवारा किंवा वाफ वाऱ्यानं पोचली तर टोमॅटो, गुलाब, द्राक्षवेल यांची पानं वेडीवाकडी होतात. पॅराक्वाट घराच्या आसपास आणूच नका. त्यावर उतारा नाही आणि घोटभरही जीव घेतो.

जे वापराल त्याचं प्रमाण लेबलावरून घ्या, अंदाजानं वाढवू नका. वारा नसताना, चार-सहा तास पाऊस नसेल अशा वेळी, पूर्ण बाह्या, मोजे आणि चष्मा घालून काम करा. फरशीवर किंवा गटाराजवळ फवारा मारू नका, पहिल्या पाण्याबरोबर ते नाल्यात जातं. मूळ बाटलीतच, कुलपात ठेवा. पाण्याच्या किंवा पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध चुकून पिलं गेल्यानं माणसं दगावतात.

काढलेलं तण आणि कुंपणापलीकडचं

बी न धरलेलं हंगामी तण वाळवून आच्छादनात किंवा खतात टाकता येतं. बी धरलेलं नाही. बहुतेक बी मरायला ढिगाचं तापमान ५५ अंशांवर जाऊन काही दिवस टिकायला लागतं आणि घरगुती डब्यात ते सहसा होत नाही. काश्या, गाठी आणि घोळ पूर्ण वाळल्यावरच टाका, किंवा काळ्या पिशवीत बांधून महिनाभर उन्हात ठेवा. हिरवा ढीग जाळू नका.

शेजारी रिकामी जागा असेल तर दरवर्षी तिथून बी येत राहतं. मालकाशी किंवा सोसायटीशी बोलून फुलोऱ्याआधी तिथं एकदा कापणी करून घ्या. ते जमलं नाही तर कुंपणालगत आपल्या बाजूला मीटरभर रुंद पट्टा जाड आच्छादनाखाली ठेवा आणि आठवड्याच्या फेरीची सुरुवात तिथूनच करा. उताराच्या कडेला मात्र सगळं उपटून जमीन उघडी करू नका, पहिल्या मोठ्या पावसात माती वाहून जाते. तिथलं तण फुलण्याआधी फक्त कापत राहा आणि मधेमधे कायमची जमिनीलगत पसरणारी झाडं लावत, ती दाटली की मग तण काढा.